लॅबचा कंटाळा आला म्हणून सिम्युलेशन?

प्रश्न : मी जीवशास्त्र घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उत्क्रांती हा विषय मनापासून आवडतो, पण लॅबमध्ये पेट्री डिश मोजत बसायचा कंटाळा येतो. पायथॉन थोडंफार येतं. कॉम्प्युटरवर जीव 'उत्क्रांत' करून अभ्यास करतात हे वाचलं आणि वाटलं, हेच आपलं! बाबांना हा खेळ वाटतो. ते म्हणतात, सरळ डेटा सायन्स कर. यात करिअर आहे का? काय शिकावं लागेल?

उत्तर : बाबांच्या 'खेळ' या शब्दापासूनच सुरुवात करते, कारण ही शंका रास्त आहे आणि तिला चांगलं उत्तरही आहे.

एव्हिडा नावाची एक प्रणाली आहे. तिच्यातला 'जीव' म्हणजे स्वतःची नक्कल करणारा छोटासा प्रोग्राम. नक्कल करताना अधूनमधून चुका होतात, तीच म्युटेशन्स. जो प्रोग्राम काही तार्किक क्रिया करून दाखवतो, त्याला प्रोसेसरचा वेळ जास्त मिळतो, म्हणजे त्याची संतती वाढते. 2003 साली या प्रणालीवरचा एक शोधनिबंध 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. त्यातली सर्वांत अवघड क्रिया होती दोन संख्यांचे बिट जुळतात का हे तपासण्याची. सोप्या क्रियांनाही बक्षीस ठेवलं, तेव्हा 50 पैकी 23 समूहांत ही अवघड क्रिया उत्क्रांत झाली. फक्त अवघड क्रियेलाच बक्षीस ठेवलं, तेव्हा 50 पैकी एकाही समूहात नाही. गुंतागुंतीचे अवयव एकदम कसे उपजतील, या जुन्या आक्षेपाला इतकं थेट उत्तर जीवाश्मांतून मिळणं कठीण. शिवाय इथे वंशावळीतलं एकूण एक म्युटेशन तपासता आलं. त्यातली काही तर घडली त्या वेळी चक्क हानिकारक होती.

तेव्हा हा खेळ नाही. पण तुझ्या पत्रातलं दुसरं वाक्य मला जास्त खटकलं. लॅबचा कंटाळा येतो म्हणून इकडे यायचं असेल, तर थोडं थांब.

त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक रिचर्ड लेन्स्की. हे गृहस्थ प्रसिद्ध आहेत ते मुख्यतः जिवंत जिवाणूंसाठी. 1988 साली त्यांनी ई. कोलायचे 12 समूह वेगवेगळ्या फ्लास्कमध्ये वाढवायला घेतले. रोज थोडे जिवाणू नव्या फ्लास्कमध्ये घालायचे आणि दर 500 पिढ्यांनी नमुने गोठवून ठेवायचे. तीस हजारांहून जास्त पिढ्या उलटल्यावर एका समूहाला, फक्त एकाच, ऑक्सिजन असतानाही सायट्रेट (फ्लास्कच्या द्रावणातला एक पदार्थ, जो ई. कोलायला एरवी असा खाता येत नाही) खाता येऊ लागलं. हा निव्वळ दुर्मीळ योगायोग, की आधीच्या म्युटेशन्सनी वाट तयार केली होती? त्यांच्या गटाने गोठवलेले पूर्वज पुन्हा जागे केले आणि इतिहास परत परत चालवून पाहिला. वाट आधी तयार झाली होती, असंच दिसलं. फ्लास्क असो वा प्रोग्राम, प्रश्न विचारायची पद्धत एकच. सिम्युलेशनमध्ये काय घालायचं आणि काय वगळायचं, हे ज्याला खरा जीव ठाऊक आहे त्यालाच सुचतं. पेट्री डिश आयुष्यभर मोजू नकोस हवं तर, पण निदान एक प्रोजेक्ट खऱ्या जीवांवर काम करणाऱ्या लॅबमध्ये कर.

आणि कंटाळा इथेही आहेच बरं का. एव्हिडाच्या निर्मात्यांपैकी एक, चार्ल्स ओफ्रिया, यांना एका प्रयोगात नक्कल करण्याचा वेग वाढवणारी म्युटेशन्स नको होती. म्हणून ते प्रत्येक नव्या जीवाची वेगळ्या वातावरणात चाचणी घ्यायचे आणि वेग वाढलेला दिसला की त्याला काढून टाकायचे. काही काळ सगळं सुरळीत दिसलं. मग वेग वाढतच चालला! जीव चाचणीतलं इनपुट ओळखायला लागले होते आणि तेवढ्यापुरते नक्कल न करता निपचित पडून राहत होते. प्रोग्रामने तू सांगितलं तेच केलं, तुला हवं होतं ते केलं नाही, हे शोधून काढण्यात या कामाचे दिवसच्या दिवस जातात. यात मजा वाटते का, हे आत्ताच तपासून बघ.

त्यासाठी एक काम देते. 100 जीवांचा समूह घे. दर पिढीला नवे 100 जीव तयार कर आणि प्रत्येकासाठी आधीच्या पिढीतला एक पालक रँडम निवड. सुरुवातीला एकाच जीवाला फायद्याचं म्युटेशन दे, म्हणजे पालक म्हणून निवडलं जाण्याची त्याची शक्यता इतरांपेक्षा 5 टक्के जास्त ठेव. म्युटेशन नाहीसं होईपर्यंत किंवा सगळ्यांत पसरेपर्यंत चालव, आणि हे सगळं हजार वेळा कर. पायथॉनमध्ये वीस-पंचवीस ओळींचं काम. फायद्याचं म्युटेशन जिंकणारच, असं वाटतं ना? ते हजारातून सुमारे 900 वेळा नाहीसं होतं, तेही बहुतेकदा पहिल्या काही पिढ्यांतच. जगण्याची शक्यता साधारण फायद्याच्या दुप्पट, हे जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1927 मध्येच कागदावर काढून ठेवलं होतं. तुझं उत्तर 10 टक्क्यांच्या आसपास आलं, तर कोड बरोबर. 50 टक्के आलं, तर नवा शोध लागला म्हणून नाचू नकोस, बग शोध.

यातून तुला काय शिकायचं आहे तेही कळेल. कोडिंग जमेल, त्याची फार काळजी नाही. मुलं अडतात ती प्रॉबॅबिलिटी आणि संख्याशास्त्रात. उरलेल्या वर्षांत ऐच्छिक विषय निवडायची मुभा असेल तर हे दोन घे, जोडीला पॉप्युलेशन जेनेटिक्स, म्हणजे समूहात जनुकं पिढ्यान्‌पिढ्या कशी बदलतात याचा अभ्यास. पायथॉनबरोबर आर (R) ही संख्याशास्त्रासाठीची प्रोग्रामिंग भाषा शीक. मग स्लिम (SLiM) आणि एमएसप्राइम (msprime) ही उत्क्रांतीच्या सिम्युलेशनची मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहा. या क्षेत्रातली मंडळी रोज हीच वापरतात.

आता नोकरी. 'उत्क्रांती सिम्युलेशन तज्ज्ञ' अशी जाहिरात तुला क्वचितच दिसेल. विशुद्ध संशोधन करायचं तर पीएच.डी. लागणारच, त्यानंतर काही वर्षं करारावरची पोस्ट-डॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरची तात्पुरती संशोधन नोकरी, आणि कायम जागांसाठी मोठी चुरस. हे मी गोड करून सांगणार नाही. मात्र हेच कौशल्य इतरत्रही लागतं. फ्लूच्या लशीत कोणते विषाणू घ्यावेत, याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा करते. पुढे कोणता प्रकार पसरेल, याचे अंदाज बांधायला उत्क्रांतीची मॉडेल्स वापरली जातात. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू, कॅन्सरच्या पेशींमध्ये औषधविरोध कसा वाढतो, पिकांच्या नव्या जाती काढताना कोणत्या रोपांचा संकर करावा, या सगळ्यांत सिम्युलेशन चालतं. माझ्या मते पीक आणि पशुपैदाशीचं क्षेत्र विद्यार्थ्यांच्या नजरेतून उगाच सुटतं.

डेटा सायन्सची वाट यामुळे बंद होत नाही. प्रॉबॅबिलिटी, पायथॉन, हजारो रनचा निकाल नीट मांडणं, हे तिथेही जसंच्या तसं उपयोगी पडतं. उलट आधी नुसतं डेटा सायन्स करून नंतर जीवशास्त्राकडे परतणारे कमीच. म्हणून पदवीपर्यंत जीवशास्त्र सोडू नकोस. बाबांना हजार रनचा आलेख दाखव आणि फायद्याचं म्युटेशन किती वेळा टिकेल याचा अंदाज आधी त्यांना करायला सांग. तोच आलेख आणि कोड घेऊन तुमच्या विभागात जेनेटिक्स शिकवणाऱ्या प्राध्यापकांना भेट. पुढच्या सुट्टीतल्या प्रोजेक्टसाठी त्याहून चांगली ओळख नाही.