एकाच प्रयोगाचे दोन निष्कर्ष

प्रश्न : एखादे संशोधन गाजते आणि काही वर्षांनी तोच प्रयोग पुन्हा केल्यावर वेगळा निष्कर्ष निघतो. मग विश्वास कशावर ठेवावा?
– एक वाचक, परळ, मुंबई

उत्तर : आपली शंका रास्त आहे. २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मानसशास्त्रातील १०० अभ्यासांच्या पुनरावृत्तीचा अहवाल आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे केवळ योगायोगाने सहसा दिसणार नाही असा होता, पुनरावृत्तीत मात्र तो ३६ टक्क्यांतच तसा आढळला. याचे कारण बहुधा लबाडी नसते. मोजक्याच व्यक्तींवर केलेला अभ्यास, हाती आलेली माहिती अनेक प्रकारे तपासून त्यातला अनुकूल तेवढाच निष्कर्ष मांडण्याची सवय आणि नकारात्मक निष्कर्ष छापण्याबाबत नियतकालिकांची अनास्था, यांतून निव्वळ योगायोगालाही शोधाचे रूप येते. म्हणून गृहीतक आणि विश्लेषणाची पद्धत प्रयोगापूर्वीच जाहीरपणे नोंदवणे हा मला सर्वांत परिणामकारक उपाय वाटतो. आपल्याकडे औषधचाचण्यांची अशी नोंदणी २००९पासून बंधनकारक आहे, त्यामुळे आपल्या परळमधील रुग्णालयांत चालणाऱ्या चाचण्यांची नोंदही आपल्याला विनामूल्य पाहता येते. इतर संशोधनालाही ही शिस्त लागलीच पाहिजे. तोवर बातमी वाचताना अभ्यासात किती जण सहभागी होते आणि अन्य कोणी तो स्वतंत्रपणे पडताळला आहे का, एवढे अवश्य पाहावे.