नागपूर विमानतळावर बॅगांच्या बेल्टला खेटून उभ्या राहणाऱ्यांना ‘मागे सरका’ म्हणणं उद्धटपणा आहे का?

अजिबात नाही. जरा मोठ्यानंच म्हणा.

पण आधी ट्रॉलीला म्हणा. माणूस दीड फूट जागा अडवतो, आडवी लावलेली ट्रॉली तीन माणसांची. ती मागं भिंतीशी लावा, घरच्या एकाला ती धरून उभं करा आणि बेल्टपाशी एकानंच जा. पाच जणांच्या कुटुंबातले पाचही जण बेल्टवर का लागतात, हे मला कळलेलं नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची सवय असावी.

आमचे साडूभाऊ सांगत सुटतात की बॅगा जिथून बाहेर पडतात त्या तोंडाशी उभं राहायचं, आणि चेक-इन लवकर केलं की बॅगही लवकर येते. दोन्ही चूक. सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या या विमानतळावर, येतात त्या छोट्या विमानांत बॅगा बहुतेक हातानंच रचतात. आधी आत गेलेली खाली दबते आणि उशिरा निघते. प्रायॉरिटी टॅगवाल्या शेवटी चढवतात, म्हणून त्या आधी येतात. उतरवलेल्या बॅगा ट्रॅक्टरमागच्या गाड्यांवर भरतात, आणि एकेक गाडी बेल्टवर रिकामी होते. त्यामुळे बॅगा लोंढ्यानं येतात, मग काही मिनिटं काहीच नाही. तुमची बॅग शेवटच्या गाडीत असेल तर तोंडाशी उभं राहून फार तर बेल्टचा एक फेरा वाचतो, म्हणजे मिनिट-दोन मिनिटं. फेब्रुवारी 2024 मध्ये बीसीएएसनं, म्हणजे केंद्राच्या विमान सुरक्षा खात्यानं, सात विमान कंपन्यांना बजावलं तेव्हाही शेवटच्या बॅगेसाठी इंजिन बंद झाल्यापासून 30 मिनिटं धरली होती. साडूभाऊ, वाचताय ना?

उभं राहायचं ते बेल्टपासून एक मोठं पाऊल मागं. सगळे तसे राहिले तर प्रत्येकाला येणारी बॅग दोन-तीन मीटर आधी दिसते. दिसली की पुढं व्हा, बाजूचं हँडल धरा, बेल्टबरोबर दोन पावलं चाला आणि मग उचला. उलट दिशेला ओढली की बॅग आडवी होते, शेजारच्या दोन घेऊन खाली येते, आणि कुणाच्या तरी पायावर पडते. बाहेर ओढलेल्या लांब हँडलला धरून तर उचलूच नका, ते तिथंच वाकतं.

काळी बॅग असेल तर टॅगचे शेवटचे आकडे चेक-इनला मिळालेल्या आपल्या स्टिकरशी जुळवा. हिवाळ्यात नागपूरहून मुंबई-दिल्लीला गेलात तर संत्र्याच्या पेट्यांचंही तेच: खोके सारखे, सुतळीही सारखीच. फुटलेली किंवा न आलेली बॅग असेल तर हॉलमधून बाहेर पडायच्या आधी कंपनीच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा फॉर्म, लिहून घ्या. नंतर सांगत बसलात तर नुकसान बाहेर झालं नाही हे पटवणं जड जातं.

हां, एक राहिलं. व्हीलचेअरवरचे आजोबा किंवा कडेवर लेकरू असलेली बाई पुढं उभी असेल, तर तिथं ‘मागे सरका’ चालणार नाही. त्यांना टॅगचा नंबर विचारा आणि त्यांची बॅग तुम्हीच उतरवून द्या.