दिवसाला ८०० कॅलरी : कुणी, कशा आणि किती दिवस?

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत, म्हणून उत्तरंही एकत्र देत आहोत. दिवसभरात ८०० किंवा त्याहून कमी कॅलरी पोटात जाणं, याला अतिअल्प कॅलरी आहार म्हणतात. हा वैद्यकीय उपचार आहे. औषधाला जशी मात्रा, मुदत आणि मनाई असते तशी यालाही असते.

प्रश्न : वय ५२, वजन ९२ किलो, उंची १६८ सेंमी. तीन वर्षांपासून मधुमेह आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.८. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी घेतो. मुलगा लेस्टरला असतो. तिथे सरकारी आरोग्यसेवेतून सूप आणि शेक देऊन मधुमेह घालवतात, असं तो सांगतो. तो पाकिटं पाठवायला तयार आहे. घरीच सुरू करू का? (एक वाचक, नाशिक)

मुलगा सांगतो ते खरं आहे, आणि तुमच्यासारख्याच रुग्णाला त्याचा सर्वांत जास्त फायदा होतो. पण आज पाकिटं आली आणि उद्या सुरू केलं, असं करू नका. अडचण तुमच्या गोळ्यांची आहे.

आधी फायद्याचं सांगतो. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या टाइनसाइड भागातल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांमधून ‘डायरेक्ट’ नावाची चाचणी झाली. तिचे पहिल्या वर्षाचे निकाल २०१७ मध्ये आले. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या आणि इन्शुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने रोज ८२५ ते ८५३ कॅलरींचे शेक आणि सूप दिले गेले. वर्षअखेर त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह माघारी गेला होता, म्हणजे मधुमेहाची एकही गोळी न घेता एचबीए१सी ६.५ च्या खाली होतं. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होतं. १५ किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरलेल्यांत ते ८६ टक्क्यांपर्यंत गेलं. यामागे यकृतातली चरबी आहे. खाणं इतकं कमी झालं की शरीर पहिल्यांदा यकृतात साठलेली चरबी वापरतं, ती आठवडाभरातच उतरू लागते आणि उपाशीपोटीची साखर खाली येते. स्वादुपिंडातली चरबी हळूहळू, काही आठवड्यांनी हटते.

आता गोळ्या. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे तिला कळत नाही. पोटात ८०० कॅलरी आणि वर ही गोळी, म्हणजे साखर ७० च्या खाली जाण्याची वाट मोकळी. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. बीपीची गोळीही तितकीच महत्त्वाची. पहिल्या आठवड्यात शरीर मीठ आणि पाणी भराभर बाहेर टाकतं. तुमच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड तेच काम करतं आणि शिवाय पोटॅशियमही घालवतं. मग पहाटे बाथरूमला जायला उठलेला माणूस चक्कर येऊन पडतो. ‘डायरेक्ट’मध्ये मधुमेहाची आणि बीपीची औषधं पहिल्या दिवशीच थांबवली होती आणि लागली तर पुन्हा सुरू केली जात होती. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतं, तुम्ही स्वतःहून करायचं नाही. मेटफॉर्मिनने एकट्याने साखर सहसा धोकादायक खाली जात नाही. त्याचा निर्णय डॉक्टर घेतील.

नावात ‘ग्लिफ्लोझिन’ येणाऱ्या गोळ्या, म्हणजे डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, तुम्ही घेत नाही. घेणाऱ्या वाचकांनी मात्र हे नीट वाचावं. या आहारासोबत त्या चालू राहिल्या तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि ग्लुकोमीटरवर साखर मात्र १५०-२०० च दिसते. उलट्या, पोटदुखी, धाप असेल तर ‘साखर ठीक आहे’ म्हणून घरी थांबू नये.

सुरू करण्याआधी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, युरिक ॲसिड, यकृताच्या तपासण्या, ईसीजी आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी करून घ्या. साखर एकदम उतरली तर पडद्याचा आधीपासून असलेला आजार काही काळ बळावू शकतो. नंतर रोज साखर दोनदा मोजा, आणि बीपी आधी बसून, मग उभं राहिल्यावर एका-दोन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने पडला तर डॉक्टरांना कळवा. पाणी दिवसाला दोन-सव्वादोन लिटर. बद्धकोष्ठता जवळजवळ सगळ्यांना होते, त्यावर रोज एक-दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्यातून.

प्रश्न : पाच आठवड्यांवर लग्न आहे. वजन ६१, उंची १५८ सेंमी. मैत्रिणीने सात दिवसांचं जीएम डाएट करून पाच किलो कमी केले. मी दोनदा करू का? (एक वाचिका, सोलापूर)

करू नका. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २४.४ येतो. भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन धरतात, पण एवढ्याला हा उपचार कुणी देत नाही.

मैत्रिणीचे पाच किलो चरबीचे नव्हते. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी. ते संपलं की दीड-दोन किलो तिथेच उतरतात. मीठ कमी झालं की आणखी पाणी जातं, आतडी रिकामी होतात ते वेगळं. या डाएटचा पहिला दिवस नुसत्या फळांचा, त्या दिवशी प्रथिनं १० ग्रॅमही मिळत नाहीत. केळवणाच्या दोन जेवणांत हे सगळं पाणी परत येतं. रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर पाच आठवड्यांत १७,५०० कमी होतात, आणि एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. हिशेब सव्वादोन किलोंचा. ते मात्र चरबीचे असतील. ब्लाऊजचं माप शेवटच्या आठवड्यात द्या.

प्रश्न : तयार पाकिटं परवडत नाहीत. घरच्याच जेवणात अर्धं अर्धं खाऊन ८०० कॅलरी केल्या तर काय बिघडलं? शाकाहारी आहोत, अंडं चालतं. शेजारच्या न्यूट्रिशन क्लबमध्ये कोलॅजन पावडर घ्यायला सांगतात. (एक वाचक, कोल्हापूर)

बिघडतं ते इथेच, म्हणून जरा सविस्तर.

‘अर्धं अर्धं’ म्हणजे काय होतं ते पाहा. दोन छोट्या पोळ्या, वाटीभर भात, पातळ वरण, दोन चमचे तेलातली भाजी, साखरेचा दोन कप चहा आणि त्यासोबत चार मारी बिस्किटं. हे सगळं ७७० कॅलरींच्या आसपास जातं, आणि त्यात प्रथिनं जेमतेम २२ ग्रॅम. गरज मात्र ७० ते १०० ग्रॅमची असते. उरलेली प्रथिनं शरीर स्वतःच्या स्नायूंतून काढतं. हृदय हाही स्नायूच आहे.

त्याच ८०० कॅलरींत ८० ग्रॅम प्रथिनं बसवता येतात. सकाळी व्हे प्रोटीन ३० ग्रॅम पाण्यातून आणि २५० मिली स्किम्ड दूध. घरी साय काढलेल्या दुधात बरीच स्निग्धता उरते, त्यामुळे पिशवीवर ‘स्किम्ड’ लिहिलेलंच घ्या. दुपारी कोरड्या सोयावड्या ४० ग्रॅम, दुधी किंवा पालेभाजी दीडशे ग्रॅम, आणि दिवसभराचं दोन चमचे तेल याच एका जेवणात. ते असं का, याचं कारण पुढच्या उत्तरात आहे. चार वाजता तीन अंड्यांचा पांढरा भाग आणि एक मध्यम पेरू. रात्री ३० ग्रॅम मुगाच्या डाळीचं वरण, तेवढीच दुसरी भाजी, दीडशे ग्रॅम कमी स्निग्धतेचं दही. डाळ आणि सोयावडी स्वयंपाकघराच्या काट्यावर कोरडीच तोलायची. शिजल्यावर वाटीने मोजलं तर दाट-पातळपणात दुपटीचा फरक पडतो.

एवढं करूनही लोह, कॅल्शियम, बी-१२, ड जीवनसत्त्व, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम पुरेसं मिळेलच याची खात्री नाही. पूर्ण आहार म्हणून बनवलेल्या पाकिटात ते मोजून घातलेलं असतं. दुकानातल्या पावडरीच्या डब्यावर ‘एका जेवणाऐवजी’ असं लिहिलेलं असेल, तर दिवसभर नुसत्या तिच्यावर राहायचं नाही. आमचं स्पष्ट मत आहे की घरच्या जेवणावर करायचं तर ८०० च्या मागे न लागता १००० ते १२०० कॅलरी ठेवाव्यात. वजन हळू उतरतं, पण वर्षानंतरचा फरक फार राहत नाही.

कोलॅजनबद्दल कळकळीने सांगतो. १९७७-७८ मध्ये अमेरिकेत ‘द्रव प्रथिनां’च्या आहारावर असलेले सुमारे ६० जण दगावले. ती प्रथिनं जनावरांच्या कातडीपासून आणि अस्थिबंधांपासून काढलेली, म्हणजे कोलॅजनच. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, आणि त्या आहारात खनिजंही अपुरी होती. महिनोन्महिने त्यावर राहिलेल्या लोकांच्या हृदयाचे ठोके बिघडले. आजची कोलॅजन पावडर कुणी चहात चमचाभर घालत असेल तर घालू द्या, पण ती जेवणाऐवजी नको.

प्रश्न : आठ आठवड्यांत १३ किलो कमी केले, तेल-तूप पूर्ण बंद ठेवून. आता केस मूठमूठ गळतात आणि जेवल्यावर उजव्या बरगडीखाली दुखतं. ॲसिडिटी असेल का? (एक वाचिका, सांगली)

आधी पोटाची सोनोग्राफी करा, सहा-आठ तास उपाशी राहून. पित्ताशयातल्या खड्यांची शंका आहे. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन उतरलं की हा धोका वाढतो, आणि तुमचा वेग १.६ किलोचा आहे. वितळणाऱ्या चरबीतलं कोलेस्टेरॉल पित्तात येतं. पित्ताशय मात्र जेवणात स्निग्ध पदार्थ आला तरच नीट आकुंचन पावतं. तेल-तूप शून्य म्हणजे ते आठ आठवडे जवळजवळ बसून होतं, आणि साचलेल्या घट्ट पित्ताचे खडे धरतात. म्हणूनच वर दोन चमचे तेल एका जेवणात एकत्र घ्यायला सांगितलं; थेंबथेंब विभागलं तर पित्ताशयाला इशारा पोहोचत नाही. वजन वेगाने उतरणार असेल तर खडे धरू नयेत म्हणून काही डॉक्टर त्या काळापुरतं अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडही देतात. दुखणं पाठीत किंवा उजव्या खांद्यापर्यंत गेलं, ताप आला, डोळे पिवळे दिसले तर सोनोग्राफीची तारीख येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.

केसांचं घाबरू नका. वजन झपाट्याने उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि गळतात. मुळं शाबूत असतात, प्रथिनं आणि लोह भरून आलं की साधारण सहा महिन्यांत केस परत येतात. फेरिटिन (लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइड) तपासून घ्या. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, नाहीतर थायरॉइडचा आकडा चुकीचा येऊ शकतो.

प्रश्न : माझा बीएमआय २४, तरी मधुमेह निघाला. बारीक माणसाला हा आहार लागू पडतो का? (एक वाचक, पुणे)

तुमच्या गावातलंच उदाहरण आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के. २००४ मध्ये दोघांनी एकत्र फोटोसह हे प्रसिद्ध केलं. बीएमआयवरून आपल्या पोटातली चरबी कळत नाही. कंबर मोजा; पुरुषाची ९० सेंमी, बाईची ८० सेंमी याच्या वर नको.

न्यूकॅसलमध्ये साधारण तुमच्याएवढ्या बीएमआयच्या २० जणांवर अभ्यास झाला. वजन टप्प्याटप्प्याने, एका वेळी पाच टक्के उतरवलं, मध्ये काही आठवडे स्थिर ठेवलं. सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं आणि १४ जणांचा मधुमेह माघारी गेला. अभ्यास छोटा आहे, पण दिशा पटण्यासारखी आहे. आहार सुरू करण्याआधी मात्र मधुमेह कोणत्या प्रकारचा आहे हे कळायला सी-पेप्टाइड आणि जीएडी अँटीबॉडी या रक्ततपासण्या करा. मधुमेह इन्शुलिनच न बनण्याचा असेल तर हा आहार घातक ठरेल. प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर त्याचं कारण आधी शोधायला हवं. स्नायू मुळात कमी असतील तर आठवड्यातून तीनदा वजनं उचलणं किंवा उठाबशा हा उपचाराचाच भाग धरा.

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचं आहे, अंगावर पितं. ८०० कॅलरींवर राहू का? (एक वाचिका, म्हापसा)

नाही. गरोदर आणि स्तनदा बायका, १८ च्या आतली मुलं, टाइप १ मधुमेहाचे रुग्ण, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, ठोके अनियमित असलेले, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा गंभीर आजार असलेले आणि खाण्याविषयीचा मानसिक आजार झालेले, यांच्यासाठी हा आहार नाही. ६५ च्या पुढे स्नायू लवकर झिजतात, तिथेही सहसा टाळतात.

प्रश्न : शेकवरचे १२ आठवडे पूर्ण झाले, १४ किलो उतरले, साखर ठीक आहे. उद्यापासून नेहमीचं जेवू का? (एक वाचक, इंदूर)

उद्यापासून नको. एक शेक कमी करून त्या जागी एकच जेवण आणा, सुमारे ४०० कॅलरींचं: एक भाकरी, वाटीभर उसळ, दोन वाट्या भाजी. दोन आठवडे तसंच ठेवा, मग दुसरं जेवण. पूर्ण जेवणावर यायला आठ आठवड्यांपर्यंत वेळ लागू द्या. दीर्घ अल्पाहारानंतर एकदम भात, पोळी आणि गोडधोड पोटात गेलं की पाणी अंगात साठून दोन किलो एका आठवड्यात परत दिसतात. जो माणूस कित्येक दिवस जवळजवळ काहीच न खाता राहिला असेल, त्याच्या बाबतीत तर फॉस्फरस आणि पोटॅशियम रक्तातून पेशींत ओढलं जाऊन हृदयाला धोका होतो. असा उपास रुग्णालयाच्या देखरेखीखालीच सोडावा.

‘डायरेक्ट’मध्ये पहिल्या वर्षी ४६ टक्के असलेलं प्रमाण दुसऱ्या वर्षी ३६ वर आलं आणि पाचव्या वर्षी पाठपुराव्यात राहिलेल्यांपैकी १३ टक्के मधुमेहमुक्त होते. वजन परतलं त्यांचा मधुमेहही परतला. तिथे नियम असा होता की वजन दोन किलोंनी वाढलं की दोन ते चार आठवडे रोज एक-दोन जेवणांऐवजी शेक घ्यायचा. इंदुरात सकाळचे पोहे-जलेबी आहेतच, म्हणून आजचं वजन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, दर सोमवारी सकाळी उपाशीपोटी वजनकाट्यावर उभे राहा, आणि आकडा दोन किलोंनी वर गेला त्याच दिवशी शेक पुन्हा काढा. एचबीए१सी तीन महिन्यांनी तपासा, नंतर वर्षातून दोनदा, गोळी लागत नसली तरी.