इतिहासाचा जाड ग्रंथ थोडे दिवस बाजूला ठेव

प्रिय मित्रा,

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास कुठून वाचायला घ्यावा, असं तू विचारलंस. पहिला ग्रीक तत्त्वज्ञ मानल्या जाणाऱ्या थेल्सपासून सुरू होणारा जाडजूड ग्रंथ आधी हातात घेऊ नकोस. सॉक्रेटिसच्या आधीच्या विचारवंतांचं एकही पुस्तक अखंड उरलेलं नाही. नंतरच्यांनी उद्धृत केलेले तुकडे आणि त्यांच्याबद्दलची वृत्तं तेवढी आपल्या हाती आहेत. त्यामुळे ‘सगळं मूळ पाण्यात’ असली विधानं पाठ होतात, पण कोणत्या अडचणीतून ती निघाली हे समजत नाही. अशी पन्नास जणांची मतं पाठ झाली तरी तत्त्वज्ञान करायला येत नाही.

प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या छोट्या संवादापासून सुरुवात कर. इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसवर खटला चालला, त्याच्या थोडं आधीचा हा प्रसंग. पहिल्यांदा एका बैठकीत सलग वाच. दुसऱ्यांदा वही घेऊन बस, पानाचे दोन भाग कर. डावीकडे सॉक्रेटिसशी बोलणाऱ्या युथिफ्रोनं केलेली धर्मशीलतेची प्रत्येक व्याख्या, उजवीकडे सॉक्रेटिसचा त्यावरचा आक्षेप. ‘मी खुनाबद्दल माझ्या बापावर खटला भरतोय, तेच धर्मशील’ ही झाली पहिली. ते नुसतं उदाहरण आहे. ‘देवांना प्रिय ते’ ही दुसरी. पण देवांचंच आपसात पटत नाही. मग ‘सर्व देवांना प्रिय ते’. इथे सॉक्रेटिस विचारतो: देवांना आवडतं म्हणून ते धर्मशील, की धर्मशील आहे म्हणून देवांना आवडतं? इथे घाई करू नकोस. एकेक बाजू मान्य केली तर काय काय पदरात पडतं, ते स्वतःच्या शब्दांत लिही. मगच प्लेटोचेच ‘अपॉलॉजी’ आणि ‘क्रायटो’ घे.

समासात आकडे असलेलाच अनुवाद घे. प्लेटोच्या समग्र लेखनाच्या 1578 च्या आवृत्तीतले ते पृष्ठांक आहेत. वरचा प्रश्न 10 अ वर सापडतो, मग अनुवाद कुणाचाही असो. फुकट मिळणाऱ्या बऱ्याच प्रतींत हे आकडे गळलेले असतात आणि चर्चेला बसलं की जागाच सापडत नाही.

मग थेट सतराव्या शतकातल्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तकडे उडी मार. मधली दोन हजार वर्षं बिनमहत्त्वाची नाहीत. इब्न रश्द आणि अक्वायनस या मध्ययुगीन तत्त्वज्ञांकडे नंतर परत यायचंच आहे. पण देकार्तची ‘चिंतनं’ (1641) नवख्यालाही स्वतःच्या पायांवर वाचता येतात. चिंतनं सहा आहेत, दिवसाला एक. बरेच जण दुसऱ्यानंतर थांबतात, कारण सगळ्या जगावर संशय घेण्याची गंमत तिथवरच असते. पण तिसऱ्यातली ईश्वराची सिद्धी सोडलीस, तर संशयात गमावलेलं जग त्यानं पुढे परत कसं मिळवलं हे कळणारच नाही. आणि पुस्तकाबरोबर छापलेले आक्षेप वगळू नकोस. त्यातल्या आर्नो या आक्षेपकानं दाखवून दिलंय की ही मांडणी वर्तुळात फिरते: स्पष्ट कल्पनांच्या भरवशावर ईश्वर, आणि ईश्वराच्या भरवशावर स्पष्ट कल्पना. 1643 मध्ये बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथनं पत्रातून विचारलं, जागा न व्यापणारं मन शरीराला हलवतं कसं? देकार्तची उत्तरं वाच आणि ती पुरतात का, हे तूच ठरव.

ह्यूमच्या मानवी आकलनावरच्या 1748 च्या पुस्तकातली चौथं आणि पाचवं ही दोन प्रकरणं आता पुरेत. कार्यकारणावरचा त्याचा घाव नीट कळला की कांट कशासाठी धडपडत होता ते उमगतं. कांटचा मोठा ग्रंथ ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ (1781) मात्र एवढ्यात नको. त्यानंच 1783 मध्ये ‘प्रोलेगोमेना’ हे छोटं पुस्तक लिहिलंय, ते घे.

ॲरिस्टॉटल रूक्ष वाटेल. त्याचं उरलेलं लेखन बहुतांशी व्याख्यानांच्या टिपणांसारखं आहे, म्हणून एका बैठकीला दोन-तीन पानांपेक्षा जास्त नको. त्याच्या ‘निकोमाकियन एथिक्स’ या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या दहा भागांपैकी पहिले दोन आधी. प्रत्येक तत्त्वज्ञाचं मूळ लेखन वाचून झाल्यावरच मराठी विश्वकोशातली त्याची नोंद उघड. आधी उघडलीस तर मूळ पानावर तुला फक्त नोंदच दिसत राहील.

‘युथिफ्रो’ची वही भरली की पाठव.

सप्रेम आशीर्वाद.