सासूबाई म्हणतात, जेवायलाच दिलं नाही

प्रश्न : सासूबाई (वय 74) जेवून उठतात आणि तासाभरात शेजारी जाऊन ‘सून उपाशी ठेवते’ म्हणून सांगतात. मुद्दाम करत असतील का? – एक वाचक, सांगली

उत्तर : मुद्दाम नाही हो. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं, जेवल्याचंच पुसलं जाणं वेगळं. अल्झायमर या विसरण्याच्या आजारात बहुधा ताज्या आठवणी आधी जातात. लग्नातली पंगत आठवते, दुपारची आमटी नाही. माझ्या आईचंही हेच. मी वाद घालायचे, ती रडायची. मग खरकटं ताट थोडा वेळ तिच्यासमोरच ठेवू लागले; तरी मागितलंच तर वाटीभर लाह्या. आधी डॉक्टरांकडून बी-12 जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या, त्यांच्या कमतरतेमुळे होणारं विसरणं औषधाने सुधारू शकतं. शेजाऱ्यांना मात्र आजच खरं काय ते सांगून टाका.