सोळा वर्षांच्या मुली हुकूमशाही उलथवतात, हे अवास्तव नाही का?

तुमची चौदा वर्षांची लेक भविष्यातल्या हुकूमशाहीच्या कादंबऱ्या वाचते, त्यांत शाळकरी मुली सरकारशी लढतात, आणि तुम्ही विचारताय हे अवास्तव नाही का, वाचू द्यावं का.

अवास्तव कसलं? कनकलता बरुआ 17 वर्षांची होती. 20 सप्टेंबर 1942ला आसामात गोहपूरच्या पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघाली आणि पोलिसांच्या गोळीनं गेली.

माझंच सांगते. 1997, इंदूर, मुलींची शाळा, अकरावी. मुली तास बुडवून फिरतात म्हणून बाथरूमला कुलूप लागलं. चाबी (घरी किल्ली, शाळेत चाबी, आमचं इंदुरी मराठी असंच) मॅडमच्या टेबलावर, वीतभर लाकडी ठोकळ्याला बांधलेली. घेऊन निघालं की वर्गाला कळलंच पाहिजे. पाळीच्या दिवसांत तो ठोकळा ओढणीखालीही लपायचा नाही. मग मागच्या बाकावर ठरलं, सगळ्यांनी मागायची. एक परत आली की दुसरी उभी. "मॅडम, चाबी." अर्थशास्त्राच्या तासाला मागणीची रेषा फळ्यावर अर्धीच राहिली. तिसऱ्या दिवशी कुलूप निघालं.

दादा पोट धरून हसला. "संडासाच्या किल्लीसाठी क्रांती!" हा रात्री अकराला सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खायला जाणार, आणि मी सातच्या आत रामबागेतल्या घरी. त्याला काय कळणार? कपडे, वेळ, लग्न, सगळ्याला परवानगी लागते हे मुलीला सोळाव्या वर्षी पाठ असतं. हुकूमशाही आली तर दादासारख्यांना ती नवी, आम्हाला ओळखीची. म्हणून त्या गोष्टींत मुली.

आणि पुस्तकातलं पुस्तकातच राहतं असंही नाही. 'द हंगर गेम्स' या अशाच कादंबरीमालेतली तीन बोटांची खूण 2014च्या लष्करी उठावानंतर थायलंडमध्ये लोकांनी रस्त्यावर केली, 2021ला म्यानमारमध्येही.

आता, त्याच्या पहिल्याच भागात मुलंच मुलांना मारतात, तेव्हा आधी तुम्ही वाचा. त्यातल्या नायिकेनं धनुष्यबाण घेऊन राजधानी हलवणं मलाही जरा जास्तच वाटतं. आमचं कुलूपही दिवाळीनंतर परत लागलं. फक्त चाबीला या वेळी साधा दोरा होता.

दादा, वाचत असशील तर ऐक, कुलूप आपोआप निघालं नव्हतं. आणि ठोकळा कुठे गेला ते मला माहीत आहे.