ठिपके, चौक आणि नवेपणाची शंका

कला आणि डिझाइन यांतील सर्जनशीलतेविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. चारही पत्रे ठाणे ते बेलापूर या पट्ट्यातून आली आहेत. निवड करताना तसे काही मनात नव्हते, पण उपयोजित कला शिकवण्यात माझी बहुतेक वर्षे याच पट्ट्यात गेली असल्यामुळे लिहिताना त्याचा उपयोग झाला. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी महापे येथील एका कार्यालयात वेष्टणांचे डिझाइन करतो. गृहउद्योगांची लोणची, मसाले, पापड यांच्या लेबलांचे काम माझ्याकडे असते. काम हाती आले की मी प्रथम फोनवर शे-दोनशे नमुने पाहतो आणि मग जे तयार होते, त्यात माझे असे मला काहीच दिसत नाही. याला सर्जनशीलता म्हणावे की सफाईने केलेली नक्कल? (एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : तुमची शंका प्रामाणिक आहे आणि फार जुनीही आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या काव्यशास्त्रकार आनंदवर्धनांनी कवींच्या संदर्भात नेमका हाच विचार केला होता. त्यांच्या मते दोन रचनांमधील साम्य तीन प्रकारचे असते : वस्तू आणि तिचे आरशातील प्रतिबिंब यांच्यात असते तसे, वस्तू आणि तिचे चित्र यांच्यात असते तसे, आणि एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन माणसांत असते तसे. पहिल्या प्रकारात रचनेला स्वतःचा प्राणच नसतो आणि दुसऱ्यात तो असून नसल्यासारखा असतो, म्हणून शहाण्या कवीने ते दोन्ही टाळावेत. तिसऱ्याला मात्र त्यांची हरकत नाही, कारण दोन माणसांचे नाकडोळे कितीही जुळले तरी प्रत्येकाचा जीव वेगळाच असतो. पुढे राजशेखर या दुसऱ्या काव्यशास्त्रकारांनी तर, चोर नसलेला कवी नाही आणि चोर नसलेला व्यापारीही नाही, असे मिस्कीलपणे सांगून टाकले. तुमचा व्यवसाय कवी आणि व्यापारी या दोघांच्या मधोमध पडतो, तेव्हा तुम्ही दुप्पट जपायला हवे हे खरे.

व्यवहारात यासाठी मी विद्यार्थ्यांना एक कसोटी सांगत असे. लेबल पूर्ण झाले की मनातल्या मनात ते उचलून दुसऱ्या गृहउद्योगाच्या बरणीवर चिकटवून पाहावे. नाव बदलताच ते तेथेही तितकेच शोभत असेल, तर ते आरशातले आहे. तेथे ते खटकत असेल, परक्या घरात शिरल्यासारखे वाटत असेल, तर त्यातील वेलबुट्टी कोठून उचलली याची फार चिंता करू नये.

राहिला प्रश्न नमुने पाहण्याचा. पाहण्यात काही चूक नाही, चूक आहे ती पाहण्याच्या वेळेत. डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ या अमेरिकी संशोधकांचा १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात डिझाइन करणाऱ्यांना न सांडणारा कॉफीचा पेला रचायला दिला होता. त्यांतील काहींना आधी एक नमुना दाखवला, ज्यात पिण्याची नळी होती, आणि नळी वापरायची नाही असे बजावूनही ठेवले. तरीही नमुना पाहिलेल्यांपैकी अनेकांच्या आराखड्यांत नळी अवतरलीच. याचा अर्थ असा की, आधी पाहिलेल्या नमुन्याच्या चुकाही, त्या चुका आहेत हे ठाऊक असताना, हातात उतरतात. तुम्ही तर दोनशे नमुने पाहता.

म्हणून क्रम उलटा करावा. आधी बरणी पाहावी. किराणा दुकानात ती कोणत्या फळीवर उभी राहते, गिऱ्हाइकाला ती समोरून दिसते की खालून, लोणच्याचे तेल लेबलाच्या कोणत्या कोपऱ्यात झिरपते, चष्मा न लावलेल्या आजींना ‘कमी तिखट’ हे शब्द वाचता येतात का, झाकण फिरवताना अंगठा नेमका कशावर पडतो, एवढे कागदावर उतरवून झाल्यावर मग फोन हाती घ्यावा. नमुने तेच असतील, पण आता त्यांना विचारण्यासाठी तुमच्याजवळ प्रश्न असेल, आणि दोनशेपैकी एकशे नव्वद आपोआप गळून पडतील. शब्द टाकताच चित्र काढून देणारी संगणकप्रणाली वापरणाऱ्यांनीही हाच क्रम ठेवावा, असे माझे मत आहे.

प्रश्न : गेली चाळीस वर्षे मी दारात ठिपक्यांची रांगोळी काढते. माझी सून व्यक्तिचित्रांच्या रांगोळ्या उत्तम काढते आणि पाडव्याच्या प्रदर्शनांत तिचे कौतुकही होते. “ठिपके जोडणे म्हणजे पाढे म्हणणे, त्यात सर्जन कसले?” असे ती परवा सहज म्हणाली आणि ते मनाला लागून राहिले. तिचे म्हणणे खरे आहे का? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : सासू-सुनेच्या मध्ये पडू नये इतके शहाणपण वयाने दिलेले आहे, परंतु प्रश्न कलेचा असल्यामुळे उत्तर टाळता येत नाही. सूनबाईंचा ‘पाढे’ हा शब्द मला आवडला, कारण त्यात अर्धे सत्य आहे. पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी घ्या. मधल्या ओळीत १५ आणि तिच्या वर-खाली एकेक कमी होत शेवटी ८, असे एकूण १६९ ठिपके पडतात. ते उदबत्तीने भोके पाडलेल्या कागदातून टाकले, तर हाताला काही ठरवावेही लागत नाही. त्यावर वहीतील कमळे जशीच्या तशी उतरवणे हे पाठांतरच होय. पण त्याच १६९ ठिपक्यांपैकी कोणता वेढायचा, कोणता जोडायचा आणि कोणता मोकळा सोडायचा, हे वही न उघडता, गेरूवर चिमूट धरल्यानंतर ठरवणारी बाई पाढे म्हणत नसते. तिची एक रेष चुकली, तर उरलेल्या पाचही पाकळ्यांत तीच चूक मुद्दाम करून तिची नक्षी करावी लागते. माझी आई हे करीत असे, आणि चूक मूळची कोणत्या पाकळीत झाली हे नंतर आम्हां मुलांना कधीही ओळखता आले नाही.

आता व्यक्तिचित्राची रांगोळी पाहू. छायाचित्रावर चौकटी आखायच्या, त्याच प्रमाणात त्या जमिनीवर वाढवायच्या, आणि गालाच्या उजेडापासून मानेखालच्या सावलीपर्यंतच्या छटा कोरड्या भुकटीतून साधायच्या, हे कौशल्य विलक्षण आहे. मला स्वतःला ते कधी जमले नाही. तरीही छायाचित्राशी हुबेहूब जुळणे हेच त्यातील यश मानले, तर वरच्या उत्तरातील दुसऱ्या प्रकारात ते मोडते. उजेड कोठून यावा, नजर कोठे असावी, चेहरा कोठे कापावा, हे सारे निर्णय छायाचित्रकाराने आधीच घेतलेले असतात. सूनबाई त्या निर्णयांपासून जेथे जाणूनबुजून दूर सरकत असतील, तेथे त्यांचे सर्जन सुरू होते. आणि चांगल्या रांगोळीकार तशा सरकतातच. म्हणजे दोघींच्या रांगोळीत पाठांतरही आहे आणि सर्जनही आहे, फक्त कोणते केव्हा चालू आहे हे पाहणाऱ्याला लांबून कळत नाही.

या संदर्भात वारली चित्रांचे उदाहरण मला फार बोलके वाटते, आणि ते एका अर्थी आपल्याच घरचे आहे, कारण २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू ठाणे जिल्ह्यातच होते. लग्नप्रसंगी सुवासिनींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढायचा आणि त्यात पालघट देवीची स्थापना करायची, ही तेथील रीत. चौकाची मांडणी परंपरेने ठरलेली असते आणि तो काढण्याचा प्रसंगही ठरलेला असतो. १९३४ मध्ये जन्मलेल्या जिव्या सोमा मशे यांनी वर्तुळ, त्रिकोण, काडीने ओढलेली पांढरी रेष यांपैकी काहीही नव्याने आणले नाही. त्यांनी केले ते इतकेच, की पुरुष असूनही आणि घरात लग्न नसतानाही ते रोज चित्रे काढू लागले. विधीचा आधार सुटल्यावर काय काढायचे हा प्रश्न रोज समोर उभा राहतो, आणि त्याचे उत्तर भोवताली पाहूनच द्यावे लागते. म्हणून त्यांच्या चित्रांत शेतीची कामे आली, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती वळत जाणारी माणसांची रांग आली, आणि अख्ख्या चित्रावर पसरलेले ते मासेमारीचे जाळे आले, ज्याची वीण पाहताना काढणाऱ्याच्या हातापेक्षा त्याच्या नजरेचेच आश्चर्य अधिक वाटते. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. याउलट आज चादरींवर, कपबश्यांवर आणि पुलांच्या खांबांवर जी ‘वारली’ सर्रास दिसते, तिच्यात त्रिकोण तेच असतात, पण तारपा फुंकणाऱ्याच्या कमरेचा बाक नसतो. कारण काढणाऱ्याने त्रिकोण पाहिलेला असतो, तारपा वाजवणारा पाहिलेला नसतो.

तुम्हा दोघींना एक सुचवतो. इमारतीतील घराच्या दारापुढे हल्ली हात-दीड हात जागा उरते, आणि तिच्यातही चपलांचे कपाट घुसलेले असते. पंधरा ते आठ तेथे मावत नाहीत. त्या तिरक्या, अपुऱ्या जागेत किती ते किती ठिपके बसतात, हे दोघींनी मिळून शोधावे. वही अर्थातच घरात ठेवावी.

प्रश्न : प्रतिभा जन्मजात असते की शिकवता येते? माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला सर्जनशीलता वाढवण्याच्या वर्गाला घालावे का? (एक पालक, घोडबंदर रोड)

उत्तर : अकराव्या शतकातील काव्यशास्त्रकार मम्मटांनी काव्याच्या निर्मितीसाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत : अंगची शक्ती, जग आणि शास्त्रे पाहून आलेली निपुणता, आणि जाणकाराच्या हाताखाली केलेला अभ्यास. गंमत अशी की, तीन गोष्टी सांगूनही ‘हेतू’ हा शब्द त्यांनी एकवचनातच वापरला आहे. तिन्ही मिळून कारण एकच, सुटे कोणतेही पुरेसे नाही. तेव्हा जन्मजात की शिकवलेली, हा वाद त्यांच्या लेखी उद्भवतच नाही.

वर्गाला घालायचेच असेल तर चित्रकलेच्या, तबल्याच्या, मातीकामाच्या, अशा एखाद्या विषयाच्या वर्गाला घाला. नुसती सर्जनशीलता शिकवणारा वर्ग मला नुसते पोहणे पाण्यावाचून शिकवण्यासारखा वाटतो. एरवी रविवारी त्याला मासुंदा तलावाच्या काठी न्या आणि एकच होडी सहा वेळा काढायला सांगा. पहिल्या दोन चित्रांत त्याला आधीपासून ठाऊक असलेली होडी येईल. सहावे चित्र मला पाठवा.

प्रश्न : आमच्या गृहरचनेच्या प्रकल्पात भूखंड, खर्च आणि नियम यांची इतकी बंधने आहेत की कल्पनेला वावच उरत नाही. नामवंत वास्तुरचनाकारांना मोकळीक मिळते म्हणून ते सर्जनशील ठरतात, असे मला वाटते. आपले मत कळवावे. (वास्तुकलेचा एक विद्यार्थी, नेरूळ)

उत्तर : नेरूळहून दोन स्थानके पुढे बेलापूरला उतरा आणि सेक्टर ८ मधील आर्टिस्ट व्हिलेजमध्ये जाऊन या. सत्तरच्या दशकाच्या आरंभी नवी मुंबईचे मुख्य वास्तुरचनाकार असलेल्या चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात ही वसाहत सिडकोसाठी आखली. बंधने तुमच्यापेक्षा कमी नव्हती : उत्पन्नाचे वेगवेगळे स्तर, त्यांत अगदी कमी उत्पन्नाची कुटुंबेही, आणि भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. अशा वेळी एकाला एक भिंत लावून घरांच्या रांगा उभ्या कराव्यात, हे कोणीही सांगेल, कारण त्यात जागाही वाचते आणि विटाही वाचतात.

कोरियांनी नेमके तेच केले नाही. असलेल्या बंधनांत त्यांनी स्वतःचे एक बंधन वाढवले, ते म्हणजे शेजाऱ्याशी सामाईक भिंत नको. हा हट्ट सौंदर्यासाठी नव्हता. हाती पैसा आला की माणूस घरावर एक खोली चढवतो, मुलाचे लग्न झाले की आणखी एक, आणि त्या प्रत्येक वेळी शेजाऱ्याची संमती मागावी लागली तर घर वाढतही नाही आणि शेजारही टिकत नाही, हे त्यांनी पाहिलेले होते. मग वाया गेलेली जागा आणि खर्च त्यांनी दुसरीकडे भरून काढला. शौचालये जोडीजोडीने बांधली, म्हणजे नळ आणि मलवाहिन्या कमी लागल्या. सात घरे सुमारे ८ मीटर लांबी-रुंदीच्या चौकाभोवती बसवली. असे तीन गट मिळून २१ घरे १२ मीटरच्या मोठ्या चौकाभोवती आणली. आणि तशा तीन समूहांमध्ये त्याहून मोठी मोकळी जागा ठेवली. भूखंडांच्या आकारात फार तफावत नसल्यामुळे कमी आणि अधिक उत्पन्नाची घरे एकाच चौकात शेजारी शेजारी आली.

आज तेथे गेलात तर मूळची उतरती छपरे अनेक ठिकाणी दिसणार नाहीत. रहिवाशांनी घरे वाढवली, काहींनी पाडून सिमेंट-काँक्रीटची उंच घरे बांधली, आणि ती सगळीच देखणी आहेत असे म्हणवत नाही. काही अभ्यासक याला मूळ रचनेचा पराभव मानतात. मला ते पटत नाही, कारण घराने वाढावे हीच तर त्या रचनेची अट होती. वाढ कशी दिसावी यावर वास्तुरचनाकाराचा हात राहिला नाही, एवढे मात्र मान्य करावे लागते. छपरे गेली, पण चौक बऱ्याच अंशी टिकले आहेत.

बंधन म्हटले की ते चांगलेच, असे मला म्हणायचे नाही. निव्वळ तक्ता भरण्यासाठी घातलेल्या अटीही असतात आणि त्या मार्गदर्शकांशी भांडून काढून घ्याव्यात. पण कोणती अट माणसांच्या राहणीतून आली आहे आणि कोणती तक्त्यातून, हे आराखड्याकडे पाहून कळत नाही. त्यासाठी आर्टिस्ट व्हिलेजमधील एखाद्या लहान चौकात सकाळी तासभर उभे राहा. कोणाच्या दारातून कोणाचे दार दिसते, वाळवण आणि दुचाकी कोठे असतात, मुले कोणत्या रेषेपर्यंत खेळतात आणि अनोळखी माणूस आत शिरला की कोणती खिडकी प्रथम उघडते, हे टिपून घ्या. गटात घरे सातच का, पाच किंवा बारा का नाहीत, याचे उत्तर त्या टिपणात सापडेल. मग तुमच्या भूखंडावर तो आकडा किती असावा, हे ठरवूनच मार्गदर्शकांसमोर जा.